मदत हवी आहे: स्कूल बोर्डाने चर्चा न करता बस बंद केली

नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. गेल्या मंगळवारी आमच्या स्कूल बोर्डाने शाळेची बस बंद केली. विषय 'कन्सेंट कॅलेंडर'मध्ये होता, म्हणजे बरेच विषय एकदम, चर्चेविना मंजूर. अजेंड्यावर फक्त 'वाहतूक करारात बदल' एवढंच. माझी दुसरीतली लेक आता आजीचा हात धरून सहापदरी रस्ता ओलांडते. सिग्नल बदलतो तेव्हा सासूबाई जेमतेम दुभाजकापर्यंत पोचलेल्या असतात. रोज जीव टांगणीला लागतो.

इथल्या १९५३च्या ब्राउन अ‍ॅक्टनुसार (स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवण्याचा कायदा) नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, प्रत्येक विषयाच्या थोडक्यात वर्णनासह. तसं झालं नसेल तर ३० दिवसांत निर्णय दुरुस्त करण्याची लेखी मागणी करता येते. इतक्या त्रोटक वर्णनाविरुद्ध ती टिकेल का? की आधी पालकांच्या सह्या घेऊन विषय पुन्हा अजेंड्यावर आणायचा? कोणी असं पत्र लिहिलं असेल तर कृपया मजकूर पाठवा.

पुढच्या सभेत सासूबाईंनीच बोलावं असं वाटतं. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला एरवी दुप्पट वेळ मिळतो. मराठी-इंग्रजी दुभाषाचं काम कोणी कराल का?