वैयक्तिक ब्लॉगचे परीक्षण : लेखनाला किती गुण द्यावेत आणि मांडणीला किती?

कुळागरवाचक, फोंडा

नमस्कार. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने यंदा गोमंतकीयांच्या मराठी वैयक्तिक ब्लॉगांची स्पर्धा ठेवली आहे आणि परीक्षणाची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. निबंधस्पर्धांचे परीक्षण मी पुष्कळ वर्षे करत आलो आहे, परंतु तिथे सर्वांचे लेखन सारख्याच कागदावर येते आणि परीक्षकाला फक्त मजकुराकडे पाहावे लागते. ब्लॉगच्या बाबतीत मजकूर आणि त्याचे रूप एकदमच डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे आपले मत नेमके कशावरून बनले हे स्वतःलाही सांगता येत नाही. वाचनालयाच्या गुणपत्रिकेत लेखनाला ५० आणि मांडणीला ५० गुण आहेत.

माझी अडचण दोन प्रवेशिकांवरून स्पष्ट होईल. पहिला ब्लॉग कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, वाढलेल्या एका गृहस्थांचा आहे. ब्लॉगर या सेवेवर फुकट मिळणारी साधी थीम (पानाचा तयार साचा), पांढरी पार्श्वभूमी, छायाचित्रे जवळजवळ नाहीत. पण सुपारी उतरवणारा गडी जमिनीवर न येता एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी पोफळ कशी गाठतो, त्या वेळी खाली उभ्या असलेल्या माणसाला आधी झावळ्यांची सळसळ ऐकू येते आणि मग सोडून दिलेली पोफळ सरळ होताना दिसते, हे त्यांनी ज्या क्रमाने लिहिले आहे तो क्रम प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज कोणाला सुचणार नाही. दुसरा ब्लॉग समुद्रकिनाऱ्यांवर आहे. मथळ्यामागे पानभर रुंदीचे सूर्यास्ताचे छायाचित्र, सुबक रंगसंगती, प्रत्येक विभागाला स्वतंत्र चिन्ह. मजकूर मात्र ‘निसर्गरम्य’, ‘नयनमनोहर’, ‘मन मोहून टाकणारा’ अशा विशेषणांवर चालतो. त्यातले मोरजीचे वर्णन उचलून पाळोळ्याच्या नोंदीत ठेवले तरी वाचकाला फरक कळणार नाही. गुणपत्रिकेप्रमाणे बेरीज केली की दुसरा ब्लॉग पुढे जातो, आणि ते मला पटत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो की मांडणीत नेमके काय तपासावे, तयार थीम वापरणाऱ्याला तिचे श्रेय द्यावे का, आणि शेकडो नोंदी असलेल्या ब्लॉगमधले किती वाचले म्हणजे न्याय होईल? शिवाय काही लेखनात कोकणी वळणाचे शब्द मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यांकडे शुद्धलेखनाच्या दृष्टीने कसे पाहावे, हेही सांगावे.

अक्षरजुळारी, पणजी

माझी नोकरी वृत्तपत्राच्या पानमांडणीत झाली, म्हणून मांडणीविषयीच बोलतो. मांडणीला गुण जरूर द्यावेत, परंतु ते शोभेला देऊ नयेत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मजकूर विनासायास वाचता येतो का, आणि तोही फोनच्या पडद्यावर, हा मांडणीचा पहिला प्रश्न आहे. बहुतेक वाचक आज फोनवरच वाचतात. म्हणून आपणही प्रत्येक प्रवेशिका प्रथम फोनवरच उघडावी अशी विनंती आहे.

ब्लॉगच्या बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेल्या असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. रोमनला पुरेसे असलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो आणि लांब नोंद वाचताना डोळे थकतात. अक्षरांच्या आकाराच्या किमान दीडपट, आणि माझ्या मते १.७ पट अंतर असावे. मथळ्यातली अक्षरे फाकवण्याची सोय अनेक थीममध्ये आपोआप चालू असते. ती देवनागरीला लागू झाली की शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. तिरप्या अक्षरांचेही तसेच आहे. देवनागरीत त्यांची परंपरा नाही, त्यामुळे ब्राउझर सरळ अक्षरे नुसतीच कलती करून दाखवतो आणि लांब अवतरण वाचवत नाही. दोन्ही कडा सरळ राखण्याचा हट्टही फोनवर महागात पडतो. मराठीत शब्द लांब असतात, ओळीच्या शेवटी ते तोडण्याची सोय सहसा चालू नसते, आणि मग ओळीच्या मधोमध मोठमोठ्या फटी पडतात. या चार गोष्टी ज्याने पाहून दुरुस्त केल्या असतील, त्याने आपल्या वाचकाचा विचार केला आहे असे खुशाल समजावे.

रंगांसाठी मोजमाप उपलब्ध आहे. जागतिक वेबच्या सुलभतेच्या निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ एवढे गुणोत्तर असावे लागते, आणि ते तपासणारी साधने फुकट मिळतात. समुद्राच्या छायाचित्रावर पांढरी अक्षरे टाकलेला मथळा आकाशाच्या भागावर या कसोटीत बहुधा नापास होतो. छायाचित्रांचे वजनही पाहावे. फोनमधून थेट चढवलेले छायाचित्र सहज तीन-चार एमबीचे असते, आणि अशी दहा छायाचित्रे असलेली नोंद सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात, जिथे नेटवर्क जेमतेम पोहोचते, उघडतच नाही.

फॉन्टच्या बाबतीत आता सबब राहिलेली नाही. गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापले गेले तेव्हा देवनागरीचे छपाईचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. आज ‘मुक्ता’ किंवा खास मराठीसाठी केलेला ‘तिरो देवनागरी मराठी’ यांसारखे उत्तम फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ‘तिरो’मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणाची अक्षरे मिळतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात हीच रूपे प्रमाण धरली आहेत. आपल्याकडच्या ब्लॉगलेखकाला तो निर्णय बंधनकारक नाही, त्यामुळे हिंदी वळणाच्या अक्षरांसाठी गुण कापू नयेत. परंतु कोणी आवर्जून मराठी वळण निवडले असेल तर त्याची नोंद घ्यावी.

एका ठिकाणी मात्र कठोर राहावे. युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरसंकेत-पद्धत येण्यापूर्वीच्या, छपाईच्या जुळणीसाठी केलेल्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर काही जण अजूनही जसाच्या तसा चिकटवतात. तो दुसऱ्याच्या यंत्रावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग बनून दिसतो, शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीनांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. याउलट जुन्या नोंदींत ‘ॲ’च्या जागी ‘ऍ’ दिसला तर ती चूक धरू नये, कारण ‘ॲ’ला युनिकोडमध्ये जागाच २००८ साली मिळाली.

मराठीची शिक्षिका, साखळी

वरील प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. लेखनाच्या बाजूने काही गोष्टी मांडते.

परीक्षण दोन वेळा करावे. ब्राउझरमध्ये वाचनाचे साधे दृश्य असते, ज्यात थीम, रंग, कडेच्या चौकटी सगळे बाजूला होऊन केवळ मजकूर उरतो. सर्व प्रवेशिका प्रथम त्या दृश्यात वाचून लेखनाचे गुण देऊन टाकावेत, आणि मग मूळ पान उघडावे. किनाऱ्यांच्या ब्लॉगचे आकर्षण या पहिल्या वाचनात किती उरते, हे आपल्याला लगेच कळेल.

कोणत्या नोंदी वाचाव्यात हे परीक्षकाने ठरवावे, स्पर्धकाने नव्हे. सर्वांत जुन्यांपैकी एक, सर्वांत अलीकडची एक आणि मधल्या काळातल्या काही, असे वाचले की लेखक कुठून कुठे आला हे दिसते. वैयक्तिक ब्लॉग हा सुट्या निबंधांचा संग्रह नसतो. एखाद्या विषयाकडे लेखक पुन्हा वळतो का, वाचकाने प्रतिक्रियेत दिलेल्या माहितीमुळे पुढच्या नोंदीत काही बदलते का, मध्येच दोन वर्षांचा खंड पडला असेल तर परतल्यावरचा आवाज तोच राहतो का, या गोष्टी एका नोंदीवरून कळत नाहीत, आणि माझ्या मते ब्लॉगलेखकाचे खरे सामर्थ्य त्यांतच असते. नोंदींची संख्या मात्र मोजू नये. रोज लिहिणारा आणि वर्षातून पाचदा लिहिणारा यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही.

विशेषणांविषयी आपण जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे, आणि त्याची सोपी तपासणी आपणच सांगून गेला आहात : एका गावाचे वर्णन दुसऱ्या गावाला चालते का? चालत असेल तर लेखकाने ते गाव पाहिलेले नाही, किंवा पाहूनही लिहिलेले नाही.

शुद्धलेखनाचे बोलायचे तर मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. ते ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार इत्यादींचे नियम आहेत. कोणता शब्द वापरावा हे ते सांगत नाहीत. तेव्हा ‘कुळागर’, ‘पोरसू’ (परसबाग), ‘शितकडी’ (भात-कालवण) हे शब्द परकी भेसळ म्हणून खोडण्याचा अधिकार त्या नियमांनी आपल्याला दिलेला नाही. गोव्याची मराठी गोव्याच्या शब्दांनीच लिहिली जाईल, आणि पुण्यामुंबईच्या वाचकाला अर्थ कळावा एवढी काळजी लेखकाने संदर्भातून घेतली की पुरे. चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ किंवा जोडाक्षर मात्र चुकीचेच. डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ लिहायच्या असताना ‘दर्या’ लिहिले, तर किनारपट्टीवरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर थेट समुद्र उभा राहतो. तिथे कळफलकाची सबब चालू देऊ नये.

आणखी एक. परिच्छेद पाडणे, नोंदीला शीर्षक देणे आणि दुवा कोणत्या शब्दांवर ठेवायचा हे ठरवणे, या गोष्टी गुणपत्रिका बहुधा मांडणीत टाकेल, पण त्या लेखनातच मोजाव्यात. ‘इथे टिचकी मारा’ एवढ्यावर दुवा देणाऱ्याला आपण वाचकाला कुठे पाठवतो आहोत हे सांगावेसे वाटलेले नाही, आणि ही उणीव लेखकाची आहे.

वायंगण, पेडणे

मी स्वतः ब्लॉग लिहितो. शिक्षिकाताईंचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु मांडणी बाजूला सारून लेखन वाचण्याचा उपाय सर्वांना सारखा लावू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

मी जुन्या घरांतल्या आणि देवळांतल्या कावीकामाविषयी लिहितो. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा भाग उघडा करतात आणि त्यातून वेलबुट्टी उमटते. एखाद्या भिंतीवर वेलीचे टोक कोपऱ्याशी येऊन कसे वळवले आहे हे मी लिहितो तेव्हा त्या कोपऱ्याचे छायाचित्र वाक्याच्या लगेच खाली असावे लागते, अन्यथा वाक्य अपुरे राहते. ते कुठे ठेवायचे, किती मोठे ठेवायचे, त्याखाली काय लिहायचे, पार्श्वभूमी चुन्यासारखी शांत ठेवायची की नाही, हे निर्णय घेताना मी लिहीतच असतो. साध्या दृश्यात छायाचित्रे कधी गळतात, कधी भलतीकडे जातात, आणि माझ्या नोंदीचा निम्मा अर्थ त्यांच्याबरोबर जातो.

गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत नेपथ्याचे, प्रकाशयोजनेचे पारितोषिक वेगळे असते, परंतु संहितेने मागितलेलेच नेपथ्य उभे केले आहे की नुसता दिखाऊ देखावा, हे परीक्षक पाहतातच. ब्लॉगलाही तोच न्याय असावा. तयार थीम घेतली म्हणून कमी आणि स्वतः घडवली म्हणून जास्त, असे करू नये. कुळागराच्या ब्लॉगवर चित्रे नाहीत, कारण त्या लेखनाला त्यांची गरज नाही. ती साधी पांढरी थीम तिथे योग्यच आहे आणि तिला मांडणीचेही चांगले गुण मिळायला हवेत. पैसे देऊन दुसऱ्याकडून पान सजवून घेणाऱ्यांचा प्रश्नही यामुळे आपोआप सुटतो, कारण विकत घेतलेली सजावट मजकुराशी क्वचितच जुळते.

कुळागरवाचक, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साध्या दृश्यातल्या वाचनाचा मार्ग मी स्वीकारतो, मात्र जिथे छायाचित्र हा विवेचनाचाच भाग आहे तिथे मूळ पानच प्रमाण मानेन. वाचनालयाच्या समितीशी बोलून लेखनाला ७०, वाचनसुलभतेला २० आणि मजकुराशी जुळणाऱ्या मांडणीला १० गुण अशी विभागणी ठरवली आहे.

आता एक व्यावहारिक शंका उरली आहे. प्रवेशिका स्वीकारण्याची मुदत संपल्यानंतर दोन ब्लॉगांवरच्या जुन्या नोंदी बदललेल्या आढळल्या. निबंध एकदा हाती आला की तो बदलत नाही. ब्लॉगचे काय करावे? आणि मजकूर लेखकाचा स्वतःचाच आहे, याची खातरजमा कशी करावी?

अक्षरजुळारी, पणजी

मुदत संपेल त्याच दिवशी प्रत्येक ब्लॉगच्या निवडलेल्या नोंदी पीडीएफ करून ठेवाव्यात आणि परीक्षण त्या प्रतींवरून करावे. फोनवर वाचून पाहण्यासाठी तेवढे मूळ पान उघडावे. यंदाची मुदत उलटून गेली आहे, तेव्हा इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या दोन ब्लॉगांचे पत्ते घालून पाहावेत. आधीची प्रत साठवलेली असेल तर तारखेसह मिळते आणि नेमके काय बदलले हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. केवळ शुद्धलेखन सुधारले असेल तर हरकत घेऊ नये, परिच्छेदच नवे आले असतील तर जुनीच प्रत परीक्षणाला धरावी. प्रत सापडली नाही तर संशयाचा फायदा लेखकाला द्यावा.

स्वामित्वासाठी प्रत्येक नोंदीतले एखादे वैशिष्ट्यपूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. विशेषणांनी भरलेले वाक्य शेकडो ठिकाणी सापडेल, त्यामुळे ज्यात एखादे ठिकाण किंवा कृती आहे असेच वाक्य घ्यावे. तेच वाक्य दुसरीकडे आधीच्या तारखेला आढळले, तर गुण देण्यापूर्वी लेखकाला विचारावे. पुष्कळदा तो त्याचाच जुना ब्लॉग निघतो.

आणि शक्य असेल तर निकालाबरोबर प्रत्येक स्पर्धकाला चार-पाच ओळींचा अभिप्राय लिहून पाठवावा. ओळींमधले अंतर वाढवा, अमुक नोंदीचा शेवटचा परिच्छेद कमी करा, एवढे कोणी नेमके सांगितले तर ते दुसऱ्या दिवशी बदलता येते, आणि निबंधस्पर्धेतल्या स्पर्धकाला ही संधी कधीच मिळत नाही.