मुलाचं नाव मृणाल : ‘बायकी’ म्हणून सोडून द्यायचं का?

गिरगावकर
गेल्या आठवड्यात मुलुंडकरांनी एका जोडप्याला सल्ला दिला : “मुलाचं नाव मृणाल नको. बायकी आहे. पोराला चिडवून हैराण करतील. नाव ऐकताच मुलगा आहे हे कळलं पाहिजे.” बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऐकताच कळलं पाहिजे हा नियम मराठीत होता कधी? यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी. राज्यशास्त्रातले सुहास पळशीकर आणि रंगभूमीवरच्या सुहास जोशी. शिरीष म्हटलं की पुरुष डोळ्यांसमोर येतो, पण अत्र्यांची मुलगी शिरीष पै. माणिक वर्मा गाणाऱ्या, आणि माणिकराव गावोगावी. दया पवारांना त्यांच्या नावावरून कुणी कवी म्हणून कमी लेखलं? बंगालमध्ये तर चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन होतेच.

कानाचंही ऐका. शीतल, सोनल, काजल, तेजल ही ‘अल’वर संपणारी नावं आज मुलींची वाटतात. मृणाल ‘आल’वर संपतं, म्हणजे कुणाल आणि विशालच्या रांगेत बसतं.

मुलुंडकर
सगळी उदाहरणं जुन्या पिढीतली आहेत. आज पहिलीच्या वर्गात किती किरण सापडतील? आणि नाव एकदा मुलींकडे गेलं की मुलांकडे परत येत नाही. मृणाल सेन कोलकात्यात. मुंबईत मृणाल म्हणजे समाजवादी नेत्या मृणालताई गोरे. गोरेगावच्या उड्डाणपुलावर त्यांचं नाव आहे, रोज हजारो लोक ते वाचतात. तो ठसा पुसायचं काम बाळावर का टाकता?

कागदपत्रांचं काय? समोरचा नाव वाचतो, मान वर न करता ‘स्त्री’वर टिचकी मारतो. आधारमध्ये लिंगाची दुरुस्ती एकदाच मिळते, नावाची दोनदा. ती एकुलती एक संधी दुसऱ्याच्या घाईपायी गेली तर भरपाई कोण करणार?

नोंदवही
आधारचा मुद्दा बरोबर आहे, पण उपाय नाव बदलणं नाही. ऑपरेटरने भरलेलं पडद्यावर दाखवतात, पावतीवरही येतं. केंद्र सोडण्याआधी लिंगाची चौकट वाचायची. राहुल ठेवलंत तरी वाचायचीच.

आता जन्मनोंद. जन्म २१ दिवसांत कळवावा लागतो, रुग्णालयात जन्म झाला तर ते काम रुग्णालयाचं. त्या अर्जात लिंगाचा रकाना वेगळा असतो, नावावरून कुणी ठरवत नाही. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा सोडा. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क चढतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. डिस्चार्जच्या घाईत ‘सध्या हेच लिहा’ म्हणून नाव दिलं की पंचाईत होते, कारण मग जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली फक्त चुकीची दुरुस्ती होते, आणि विचार बदलणं म्हणजे चूक नव्हे. पुढे नाव बदलायला राजपत्रच गाठावं लागतं.

आणखी एक. नोंद जन्म झाला त्या वॉर्डात असते, राहत्या नव्हे. परळला जन्म आणि घर गोरेगावात, तर एफ दक्षिण. लोक पी दक्षिणच्या रांगेत अर्धा दिवस घालवतात.

पार्लेकर
नोंदवही, खरा घोटाळा स्पेलिंगचा आहे, त्यावर कुणीच बोलत नाही! मुलाचं नाव आर्य, मुलीचं आर्या, इंग्रजीत दोन्ही सारखीच. जोडाक्षरावर संपणाऱ्या नावाला शेवटी ‘ए’ लावावाच लागतो. शौर्य, आदित्य, सगळ्यांचं तेच. शाळेची यादी इंग्रजीत बनते, संगणक ती देवनागरीत उलटवतो आणि शौर्यचा शौर्या होतो. अगदी मर्दानी नाव ठेवूनही! मृणालला हा धोका नाही.

नोंदवही
म्हणून दाखल्यावरचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने तपासा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना यांना जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. तिथली चूक सगळीकडे जाते.

मुलुंडकर
आणि त्यात आईचं नाव! राज्य सरकारच्या नियमाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव कागदोपत्री आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे ‘मृणाल सुनीता’ अशी सुरुवात. कोण मुलगा म्हणेल? आधी ‘मृणाल प्रकाश’ असतं तर कळलं असतं.

दादरची आत्या
काय कळलं असतं? मुलीच्या नावापुढेही वडिलांचंच नाव लागत होतं. ‘मृणाल प्रकाश’ मुलगीही असू शकते. तुमचा राग मृणालवर नाही, सुनीतावर आहे. तसं सरळ लिहा.

मुलुंडकर
आत्याबाई, तोंडात शब्द घालू नका. माझा आक्षेप व्यवहाराचा आहे. बहुतेक अर्जांत तीन चौकटी आणि नाव चार भागांचं. कुठे आई गळते, कुठे आई-वडील एकाच चौकटीत कोंबतात, आणि दोन कागद जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो.

दादरची आत्या
मग चौकटी वाढवायला सांगा. नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाईला कागदावर जागा नाही म्हणून तिला गाळायचं? दहावीच्या गुणपत्रिकेत आईच्या नावाचा वेगळा रकाना आहेच, तेव्हा काही कोसळलं नाही.

पार्लेकर
गळती होते हे मात्र खरं आहे, आत्या. उपाय एकच, जन्मदाखल्यावरचा क्रम पुढे प्रत्येक अर्जात अक्षर न हलवता उतरवायचा. मधली दोन नावं एका चौकटीत लिहावी लागली तरी क्रम तोच.

मुलुंडकर
बरं, ‘आल’चा मुद्दा मान्य. मृणाल चालेल म्हणा. पण म्हणून उद्या कुणी मुलाचं नाव शीतल ठेवू नये.

सांगलीकर, मुक्काम बोरिवली
का ठेवू नये? शीतलनाथ दहावे तीर्थंकर. सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष कितीतरी आहेत, शेती करतात, साखर कारखान्यांत आहेत. मुंबईच्या कानाला बायकी वाटलं म्हणून आमच्या देवाचं नाव मुलाला द्यायचं नाही? असं लिहिताना जरा विचार करा.

मुलुंडकर
श्रद्धेचा प्रश्न असेल तर माघार. तेवढ्यापुरतीच.

गिरगावकर
तेवढ्यापुरतीच का? सांगलीत जे नाव पुरुषाचं, ते बोरिवली स्टेशनवर उतरल्यावर बायकी होत असेल तर दोष कानाचा. गेल्या आठवड्यातला सल्ला मागे घ्या, त्या जोडप्याने तो मनावर घेतलाय.

मुलुंडकर
सल्ला मागे घेत नाही, सौम्य करतो. मृणाल ठेवा, पण चिडवणार नाहीत असं त्यांना सांगू नका.

दादरची आत्या
चिडवतात ते हाकेच्या नावावरून. मृणालचं ‘मिनू’ झालं की तेच वर्गात पोचतं. बारशाच्या दिवशीच ठरवा की घरातही पूर्ण मृणालच म्हणायचं. नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारं अक्षर, वेगळं आलं तर ते नाव पत्रिकेत राहू द्या, दाखल्यावर चढवायची सक्ती नाही. आणि त्या जोडप्याला सांगा, रकाना कोरा असेल तर घाई नको, १२ महिने हातात आहेत.