डाकारमधून निघालेलं पुस्तक
आफ्रिकी स्त्रीवादावरची पुस्तकं आधी लंडन-पॅरिसला प्रकाशित होतात आणि मग आफ्रिकेत पोचतात, असं म्हटलं जातं आणि ते बऱ्याच अंशी पटतं. पण सरसकट तसं नाही. सेनेगलच्या लेखिका मारियामा बा यांची फ्रेंच कादंबरी 'यून सी लाँग लेत्र' ('इतकं लांब पत्र') घ्या. हे पुस्तक 1979 साली सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्येच छापलं गेलं. नवरा वारल्यावर इद्दतमध्ये, म्हणजे मुस्लीम विधवेने पाळायच्या ठराविक काळात, घरी बसलेली रामातुलाय मैत्रिणीला पत्र लिहिते. नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं, तेही स्वतःच्या मुलीच्या मैत्रिणीशी! इतकी थेट, घरातली गोष्ट. 1980 मध्ये याच पुस्तकाला पहिला नोमा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची अट मला फार मोलाची वाटते: लेखक आफ्रिकी हवाच, शिवाय पुस्तकही आफ्रिकेतल्याच प्रकाशकाने काढलेलं हवं. पैसा मात्र जपानी प्रकाशक शोइची नोमा यांचा. 2009 नंतर हा पुरस्कार बंद पडला, याचं खरंच वाईट वाटतं.

आता उलटा प्रवासही सुरू झालाय. 2006 मध्ये नायजेरियात, अबुजाला सुरू झालेल्या कसावा रिपब्लिक या प्रकाशनसंस्थेने 2016 मध्ये थेट ब्रिटनमध्ये शाखा काढली. नव्या पुस्तकांच्या प्रकाशनाची चर्चा करताना लेखिकेइतकंच प्रकाशकाचं नावही आवर्जून बघा.