लाइट रेल पीपीपी: रस्त्याखालच्या केबल-पाइपांची जोखीम नक्की कोणाची?

नगरवाट:
सिडनीच्या सर्क्युलर की ते रँडविक-किंग्सफर्ड लाइट रेलचा (रस्त्यावरून धावणाऱ्या आधुनिक ट्रामचा) अभ्यास करतो आहे. हा पीपीपी, म्हणजे सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतला प्रकल्प. लांबी 12 किमी, थांबे 19. सुरुवातीचा अंदाज 160 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. 2014 च्या अखेरीस करार होईपर्यंत तो 210 कोटींवर गेला आणि शेवटचा हिशोब 300 कोटींच्या पुढे. घोडं अडलं ते रस्त्याखालच्या वाहिन्यांपाशी. पण बांधकामाची जोखीम खासगी भागीदाराने उचलली होती, मग सरकारला वरून पैसे का मोजावे लागले? आणि निविदा काढण्याआधी काय केलं तर ही पाळी येत नाही?

खोदाई_विभाग:
कारण जोखीम सोपवली, पण ती आटोक्यात ठेवायची किल्ली कंत्राटदाराच्या हातात नव्हती. वीजवाहिन्या ऑसग्रिड या वीज वितरण कंपनीच्या. कुठली केबल हलवायची, किती खोल न्यायची, वीज कधी बंद करायची हे सगळं तीच कंपनी ठरवणार. तिच्या अटी पक्क्या व्हायच्या आधीच मुख्य करारावर सह्या झाल्या. बांधकाम करणाऱ्या अ‍ॅक्सिओनाने ‘आमची दिशाभूल झाली’ म्हणून 100 कोटींहून मोठा दावा लावला आणि 2019 मध्ये 57.6 कोटी डॉलरवर तडजोड झाली.

वाहिन्या हलवायच्या कशाला, तर ट्रामचा रूळ काँक्रीटच्या सलग लादीत बसवलेला असतो. खालची केबल जळाली तर लादी फोडावी लागते, म्हणजे ट्राम बंद. शिवाय ट्राम साधारण 750 व्होल्ट डीसीवर चालते. रुळातून परतणारा थोडा प्रवाह जमिनीत झिरपतो आणि जवळच्या लोखंडी पाइपांना गंज लावतो.

निविदेआधीचं काम, माझ्या मते याच क्रमाने:

आधी सगळ्या खात्यांचे नकाशे एका आराखड्यावर आणा. हे नकाशे निम्मे खोटे निघतील असं धरूनच चाला. मग चेंबर उघडून प्रत्यक्ष तपासा. त्यानंतर जीपीआर (जमिनीखालचं शोधणारं रडार) आणि केबल-शोधक यंत्र. जीपीआरवर फार विसंबू नका. ओल्या चिकणमातीत रडारचे तरंग लवकर विरतात, आपल्याकडच्या काळ्या मातीत तर पावसाळ्यानंतर एखाद मीटरखालचंही धड दिसत नाही. म्हणून शेवटी चाचणी खड्डे हवेतच, तेही हाताने किंवा व्हॅक्यूमने खणलेले. सरसकट ठरावीक अंतरावर खणण्यापेक्षा चौक, थांब्यांच्या जागा आणि विजेच्या खांबांचे पाये इथे जास्त घ्या. घोळ तिथेच असतो.

मग प्रत्येक वाहिनी-मालकाशी सहीशिक्क्याचा करार: डिझाइन कोण करणार, मंजुरी किती दिवसांत, वीज किंवा पाणी बंद ठेवायची वेळ कोणती, जुनी केबल बदलून नवी मोठी टाकली तर वाढीव खर्च कोणाचा. हा शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो आणि भांडण तिथूनच पेटतं. अवघड टप्प्यांतलं स्थलांतर मुख्य कंत्राटाच्या आधी वेगळ्या कामात उरकता आलं तर उत्तम.

किमतीचं म्हणाल तर नकाशावर सापडलेल्या वाहिन्यांना ठोक दर, न सापडलेल्यांना आधीच ठरवलेले एकक दर (दर मीटरमागे किंवा नगामागे) आणि मुदतवाढ. सगळं ठोक मागितलंत तर निविदाकार भीतीची किंमत लावतो, नाहीतर कमी भरून नंतर दावे करतो.

बोगी_आणि_रूळ:
खोदाईचं सगळं मान्य, पण जमिनीवर आल्यावरही पीपीपी फसते. कॅनडातल्या ओटावाची कॉन्फेडरेशन लाइन ही लाइट रेल बघा: 12.5 किमी, 13 स्थानकं, एकाच गटाकडे डिझाइन, बांधकाम, अर्थपुरवठा आणि 30 वर्षांची देखभाल. जमिनीची जोखीमही त्यांचीच. 2016 मध्ये रिडो स्ट्रीट खचला. कागदावर जोखीम कोणाचीही असो, उशीर शहराच्या वाट्याला आलाच. मे 2018 ची हस्तांतराची तारीख हुकली, सेवा सुरू झाली 14 सप्टेंबर 2019 ला.

त्याहून गंभीर गोष्ट चाचणी-धावांची. निकष होता 12 दिवसांचा. गाड्या त्यात बसेनात, तेव्हा ठरलेल्या किलोमीटरपैकी 98 टक्के धावण्याचा उंबरठा मधेच 96 वर आणला आणि 12 पैकी चांगले 9 दिवस धरले. निवडून आलेल्या नगरसेवकांना हे सांगितलंच नाही. पुढे दारं अडकणं, हिवाळ्यात चाकं चपटी होणं, आणि 2021 च्या ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये गाडी रुळावरून घसरणं. पहिल्या वेळी अ‍ॅक्सलचं बेअरिंग निकामी झालं होतं, दुसऱ्या वेळी देखभालीनंतर गिअरबॉक्सचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. त्यानंतर लाइन 54 दिवस बंद होती.

तेव्हा करारात लिहा: चाचणीचे निकष बदलायचे तर सभागृहाची लेखी मंजुरी. उद्घाटनानंतर काही महिने कमी फेऱ्यांची सवड ठेवा आणि समांतर बस लगेच काढू नका. ओटावाने तीन आठवड्यांत काढल्या, प्रवाशांना दुसरा आधारच उरला नाही.

नगरवाट:
दोघांचेही आभार. एक शंका उरते. प्रवासीसंख्येची जोखीम खासगी भागीदाराला द्यावी का?

तिकीट_खिडकी:
शक्यतो नाही. भाडं, बसमार्ग, पार्किंगचे दर, आसपासचा एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. मुंबईची वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो वन लाइट रेल नव्हे, पण धडा तोच. 35 वर्षांचा करार, करारातला खर्च 2,356 कोटी रुपये, कंपनीचा दावा 4,321 कोटींचा. करारात भाडं 9 ते 13 रुपये, कंपनीने मागितलं 10 ते 40. 2014 ला गाडी धावली आणि भाड्याचा वाद कोर्टात गेला.

त्यापेक्षा उपलब्धतेवर पैसे द्या: वेळापत्रकाप्रमाणे गाडी धावली, थांबा स्वच्छ आणि चालू राहिला तर पूर्ण हप्ता, नाहीतर कपात. मात्र कपातीला दरमहा कमाल मर्यादा ठेवा. नाहीतर प्रकल्प कंपनी ती सगळी देखभालीच्या उपकंत्राटदाराच्या माथी मारते. तो माणसं कमी करतो आणि बिघाड आणखी वाढतात. मर्यादा सलग ओलांडली की देखभाल कंत्राटदार बदलायचा हक्क शहराकडे हवा. आणि बिघाडांच्या नोंदींची मूळ माहिती पहिल्या दिवसापासून शहराच्या सर्व्हरवर यायला हवी, कंपनीने गाळून दिलेला मासिक अहवाल पुरत नाही. ही नोंद वाचू शकणारे दोन-चार रोलिंग स्टॉक (गाड्या-डबे) आणि सिग्नलिंगचे इंजिनिअर शहराच्या स्वतःच्या पगारपत्रकावर ठेवा, सल्लागाराच्या भरवशावर नको.