डीएमने गुपचूप दान बदलून कॅरेक्टर वाचवलं, हे चालतं का?

फुटाळाकाठ
गेल्या रविवारी मला कळलं की माझी रेवा मे महिन्यातच मेली होती.

आम्ही पाच जण धरमपेठेत एका मित्राच्या घरी दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने आपलं एक कॅरेक्टर चालवायचं आणि डीएमने (डंजन मास्टरने) गोष्ट सांगत शत्रूंचे फासे टाकायचे. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. रेवा माझी तिरंदाज, पहिल्या सेशनपासूनची. मे महिन्यातली ती दुपार सगळ्यांच्या लक्षात आहे. कूलर पूर्ण जोरात, कॅरेक्टरच्या शीट उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर स्टीलचा पेला ठेवलेला. रेवाचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, शून्यावर येऊन ती पडली होती आणि माझा पहिला डेथ सेव्ह, म्हणजे जगणार की मरणार ठरवणारा फासा, हुकला होता. ओगर, एक दांडगा राक्षस, तिच्या छाताडावर उभा. डीएमने आडोशाच्या स्क्रीनमागे फासे टाकले, जरा जास्तच वेळ बघितले आणि म्हणाला, "हुकला." पुढच्या पाळीला मी टाकलं ते थेट वीस! रेवा एका पॉइंटवर उठली. आम्ही इतके ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

परवा पोहे खाताना डीएम सहज बोलून गेला की ओगरचा घाव लागला होता. बेशुद्ध माणसावर जवळून लागलेला घाव म्हणजे क्रिट, दुप्पट फाशांचा जबर घाव, म्हणजे डेथ सेव्हची दोन अपयशं. माझं एक आधीचं. तीन झाले, खेळ खलास.

त्याने प्रेमापोटी केलं, ते मला कळतं. पण माझं ते वीस खरं होतं आणि ते टाकायची वेळच यायला नको होती. लपाछपीत लहान पोराला कच्चा लिंबू म्हणून घेतात, त्याच्यावर राज्य कधी येत नाही. सहा महिने मी कच्चा लिंबू होते आणि ते मला नाही, फक्त डीएमला माहीत होतं.

सक्करदऱ्याचा डीएम
ताई, दुसरी बाजूही बघा. फासा आंधळा असतो. पहिल्या लेव्हलचा जादूगार घ्या, सहा हिट पॉइंट. गॉब्लिनच्या तलवारीचं क्रिट म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे अधिक दोन. फाशांवर दहा किंवा जास्त आले की नुकसान बारा, म्हणजे उरलेलं नुकसान त्याच्या पूर्ण पॉइंटांइतकं. डेथ सेव्हसुद्धा नाही, जागेवर मेला. हिशेब करा, धडधाकट जादूगारावरच्या दर १२० वारांमध्ये एक असा. कमी वाटतं न? एका लढाईत चार गॉब्लिन असतात, आणि मी आठ वर्षांपासून दर आठवड्याला डीएमगिरी करून राहिलो. ते दान माझ्यासमोर पडलं आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत आठवडाभर शिफ्ट करून आलेला पोरगा, पानभर लिहून आणलेली कॅरेक्टरची गोष्ट, आणि विसाव्या मिनिटाला तो मेला. मी "सात नुकसान" सांगितलं. पुन्हा तसं झालं तर पुन्हा तेच सांगेन.

फुटाळाकाठ
दादा, मग तो फासा टाकलाच काहून? गॉब्लिनने पोराला मारायचं नव्हतं तर त्याने पिशवी हिसकावून पळावं, पकडून न्यावं, खंडणी मागावी. ते सगळं डीएमच्या हातात आहे आणि त्याला मी हरकत घेणार नाही. माझा ओगरसुद्धा रेवाला सोडून आमच्या क्लेरिकवर (मंत्राने जखमा भरणाऱ्या पुजाऱ्यावर) धावला असता तर मी हूं की चूं केलं नसतं. मर्जी दान टाकायच्या आधी चालवा. एकदा फासा हातातून सुटला की त्यावर तुमचा हक्क नाही.

पासंग
धागाकर्तीशी सहमत. नियम आधीच खूप मवाळ झालेत. १९७४च्या मूळ नियमांत शून्यावर आलात की मेलात. आता दहा किंवा वर आलं की यश, तीन अपयशांआधी तीन यशं मिळाली की वाचलात. त्यावरही डीएमने हात फिरवायचा म्हणजे शकुनीचे फासे झाले.

सक्करदऱ्याचा डीएम
शकुनीने दुसऱ्याचं राज्य लुटायला फासे फिरवले. आम्ही आमच्याच माणसांचा रविवार सांभाळायला. दोन्ही एका तागडीत नका घालू, मनाला लागलं.

पासंग
शब्द कठोर झाला, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. द्यूतसभेत धर्मराजाला निदान समोर फासे पडताना दिसत होते.

एकच जीव
मरणाची इतकी भीती असेल तर खेळ बदला. १९७७च्या ट्रॅव्हलरमध्ये कॅरेक्टर तयार करतानाच मरू शकतं, १९८४च्या पॅरानोइयामध्ये प्रत्येकाला सहा क्लोन मिळतात. कोण किती सहज मरणार हे टेबलावर बसायच्या आधी ठरवता येतं.

रिंगणाबाहेर
मेलेल्याचं पुढे काय, हे कोणी बोलूनच नाही राहिलं. कबड्डीत बाद झालेला बाहेर बसतो, पण आपल्या गड्याने समोरचा टिपला की जिवंत होऊन आत येतो. इथे माझं कॅरेक्टर पहिल्या तासात गेलं आणि उरलेले चार तास मी कूलरमध्ये पाणी भरलं. दुसऱ्या रविवारी गेलो नाही, तिसऱ्याही नाही. खुल्या फाशांचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

फुटाळाकाठ
हे खरं आहे. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. त्याच दिवशी हातात दुसरं शीट द्यायला हवं, सोबतचा एखादा सैनिक खेळायला द्यायला हवा. पण तुमच्याशी खोटं बोलणं हा त्यावर उपाय नव्हता.

तोच डीएम
मीच तो. बोलू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. आधीचे माझे दोन ग्रुप असेच तुटले, एकाचं कॅरेक्टर मेलं, मग एक कंटाळला, मग परीक्षा आल्या. त्या दिवशी फासे बघितले आणि तुझा चेहरा बघितला. दोन सेकंद होते. तुला कमी लेखायचं मनात नव्हतं, टेबल रिकामं झालेलं डोळ्यांसमोर आलं. चुकलो असेन, पण भीती खरी होती.

तीनशेचा हिरा
मी याच ग्रुपातला क्लेरिक. धागा वाचून शीट काढलं. मे महिन्यात आम्ही नुकतेच पाचव्या लेव्हलला गेलो होतो आणि माझ्याकडे रिव्हिव्हिफाय हा मंत्र होता. मेलेल्याला एका मिनिटाच्या आत हात लावायचा, तीनशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडतो, माणूस एका पॉइंटवर उठतो. तो हिरा मी याचसाठी घेतला होता, वाट्याचं सगळं सोनं देऊन. अजून शीटवर आहे, पेन्सिलीने गोल केलेला. दादा, तुम्ही रेवाला वाचवलं, पण तिला वाचवायची पाळी माझी होती.

तोच डीएम
हिरा मी विसरलोच होतो रे.

फुटाळाकाठ
मलाही माहीत नव्हतं तू तो माझ्यासाठी जपून ठेवला होता. दादा, या रविवारी मे महिन्यातली ती लढाई तिथूनच मांडूया. ओगरचा घाव लागला, रेवा मेली, इथून सुरू. स्क्रीन घरीच ठेवा, ओगरचे फासे मधोमध ताटात टाका. क्लेरिकला तिच्यापर्यंत पोचायला ते एक मिनिट, म्हणजे दहा पाळ्या आहेत, मधे ओगर उभा आहे. नाही पोचला तर मी नवीन शीट आणलेलं असेल.