जोधपूर ते जैसलमेर सायकलने: पाणी किती घ्यावे, सामान किती ठेवावे?

दूरचा पल्ला

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी बहीण जोधपूरहून ओसियां, फलोदी, रामदेवरा, पोकरण या मार्गाने जैसलमेरला आणि तिथून पुढे खुरीच्या वाळूपर्यंत सायकलने जाण्याचे ठरवत आहोत. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते आणि त्यासाठी आम्ही सहा दिवस राखून ठेवले आहेत. सह्याद्रीत आणि कोकण किनाऱ्याने आम्ही अनेक मुक्कामी सफरी केल्या आहेत, परंतु तिथे थोड्या थोड्या अंतरावर टपरी किंवा विहीर सापडत असल्यामुळे पाण्याचा हिशेब कधी मांडावाच लागला नाही. वाळवंटात माणशी किती पाणी जवळ ठेवावे, तंबू न्यावा की धर्मशाळांवर विसंबावे, आणि कोणते सामान घरी ठेवावे, याबद्दल जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

चाकोरीबाहेर

आम्ही दोघे याच मार्गाने जानेवारीतच गेलो होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सामानाची यादी करण्याआधी कागदावर फक्त गावे आणि त्यांच्यामधली अंतरे लिहून काढा, कारण तुमच्या सायकलीचे वजन शेवटी तंबू किंवा कपडे नव्हे, तर पाणी ठरवणार आहे. थंडीतही दिवसभर सायकल चालवताना माणशी चार ते पाच लिटर पाणी लागते, आणि कोरड्या हवेत घाम लगेच उडून जात असल्यामुळे तहान उशिरा जाणवते. जोधपूर ते पोकरण या टप्प्यात गावे पुरेशी आहेत, त्यामुळे तिथे माणशी तीन लिटर पुरते. पोकरण ते जैसलमेर हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर मात्र वेगळे धरा. वाटेत लाठी आणि चांदण ही गावे लागतात, तरीही पोकरणहून निघताना प्रत्येकाकडे सहा लिटर असावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते एकाच पिशवीत भरू नका. एक पिशवी फुटली तर सगळेच जाते. दोन-तीन बाटल्या सायकलीच्या सांगाड्याला आणि उरलेले पाणी शक्य तितके खाली, फ्रेम बॅगेत ठेवा, म्हणजे वाळूत हँडल डळमळत नाही.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या जातीचाही विचार करा. पश्चिम राजस्थानातले भूजल अनेक ठिकाणी खारे आहे आणि त्यात फ्लोराइडही जास्त आढळते. उकळून किंवा क्लोरिनच्या गोळ्या टाकून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. म्हणून बोअरच्या पाण्यापेक्षा आरओचे किंवा इंदिरा गांधी कालव्यातून येणारे नळाचे पाणी विचारून घ्या. पावसाचे पाणी साठवणारी टांकी दिसली तर ती कोणत्या तरी घराची वर्षभराची पुंजी आहे हे ध्यानात ठेवून परवानगीनेच पाणी घ्या आणि गोळी टाकूनच प्या.

तंबू नेऊ नका, असे मी सुचवेन. ओसियां आणि रामदेवरा ही यात्रेची ठिकाणे असल्यामुळे तिथे धर्मशाळा आहेत, आणि फलोदी, पोकरण येथेही राहण्याची सोय होते. त्याऐवजी चांगली उबदार स्लीपिंग बॅग घ्या, कारण दुपारी अंगातला सदरा नकोसा वाटला तरी पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो. जैसलमेरकडे जानेवारीत सूर्यच साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पुण्याच्या सवयीने साडेपाचला निघण्याचा बेत आखू नका. अंधारात गार वाऱ्यात बोटे बधिर होऊन ब्रेक नीट दाबता येत नाहीत.

निवांत पॅडल

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. टायरविषयी मात्र भर घालावीशी वाटते, कारण माझा एक संपूर्ण दिवस त्यातच गेला. फलोदीच्या पुढे सावलीसाठी मी सायकल रस्त्यावरून खाली उतरवून एका खेजडीच्या झाडापर्यंत ढकलत नेली आणि परतेपर्यंत दोन्ही टायरांत मिळून नऊ सराटे, म्हणजे टोकदार काटेरी फळे, रुतलेले होते. तेव्हापासून रस्ता सोडताना मी सायकल उचलूनच नेतो. ट्यूबलेस टायर असतील तर आत सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) ताजे भरा, आणि ट्यूब वापरणार असाल तर माणशी तीन ट्यूब व भरपूर पॅच बरोबर ठेवा. डांबरी रस्त्यावर हवा नेहमीसारखी असू द्या. खुरीजवळ वाळू लागली की ती बरीच कमी करा, आणि परत भरण्यासाठी पंप हाताशी ठेवा. दोन इंचांपेक्षा अरुंद टायर वाळूत रुततात, तिथे उतरून चालण्यात कमीपणा नाही. चेनला ओले वंगण लावू नका, त्यावर बारीक वाळू बसून काही तासांत तिची कानस होते.

माळढोक

दोन गोष्टी राहिल्या आहेत. पोकरण आणि लाठीच्या परिसरात लष्कराचे गोळीबार सरावाचे क्षेत्र आहे, त्यामुळे तिथे रस्ता सोडून मुक्कामाची जागा शोधू नका. त्याच पट्ट्यात माळढोक उरले आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजला हा पक्षी दिसणे किती दुर्मीळ झाले आहे हे आपण पाहतोच, तेव्हा तिथल्या माळावर शांतता राखावी ही कळकळीची विनंती. गावांची ओरणे म्हणजे आपल्याकडच्या देवरायाच आहेत. तिथली वाळकी फांदीही तोडू नये.

दुसरे असे की, गॅसचे डबे रेल्वेने नेता येत नाहीत, म्हणून चूल घरीच राहू द्या आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर, गूळ व ओआरएसची पाकिटे घ्या. परदेशातून आणलेले उपग्रह-संदेशयंत्र कोणी देऊ केले तरी घेऊ नका. आपल्या देशात ते परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे आणि हा सीमेचा भाग आहे.

दूरचा पल्ला

सर्वांचे मनापासून आभार. तंबू आणि चूल यादीतून काढली आहे. वाचलेल्या साधारण साडेतीन किलोंच्या जागी पोकरणपासून पाणी वाहू, आणि तो ११० किलोमीटरचा टप्पा एका दिवसात न करता चांदणला मुक्कामाची सोय होते का, हे लाठीला पोहोचल्यावर स्थानिकांना विचारून ठरवू.