सल्ला हवा: पिकअपचा कंपनीचा जॅक भरल्या गाडीला चालतो का?

ओतूरकर_शेती
राम राम मंडळी. जुनी पिकअप घेतली आहे, मागे पाट्यांची (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची). सोबत कंपनीचाच हायड्रॉलिक बाटली जॅक, टॉमी (जॅकचा दांडा) आणि पाना मिळाला. जॅकवर ३ टन कोरलंय. धाकटा भाऊ नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री माळशेजमार्गे वाशीला जातो, एकटाच. वाटेत मागचं चाक बसलं तर हा जॅक भरल्या गाडीला पुरेल का? नेमका कुठे लावायचा? आणि दुसराच घ्यायचा असेल तर २००० च्या आत सांगा. त्याच्या वर एक रुपया नाही, टोमॅटोचे भाव सगळ्यांना माहीत आहेत.

माऊली_ट्रान्सपोर्ट
दादा, कंपनीचा जॅक भंगारात घाला. मी ३ टनी ट्रॉली जॅक घेतला, साडेसहा हजारांना. चार दांडे मारले की चाक वर. आयुष्यात एकदाच पैसे जातात.

ओतूरकर_शेती
माऊली, २००० म्हणालो हो.

माऊली_ट्रान्सपोर्ट
अहो एका फेरीत सुटतात पैसे.

बंडू_पाना
ट्रॉली जॅक गॅरेजच्या फरशीवर छान पळतो. पावसात साइडपट्टीच्या चिखलात त्याची चाकं रुततात. शिवाय ते धूड ठेवणार कुठे, टोमॅटोवर?

थारवाला_पाटील
फार्म जॅक घ्या, उभा लांब येतो तो. माझ्या गाडीला पुढे स्टीलचा बंपर बसवलाय, त्याला अडकवला की अर्धी गाडी हवेत. ताम्हिणीत दोघांच्या गाड्या काढून दिल्यात मी. फोटो टाकतो.

नाना_गॅरेज
पाटील, फोटो नका टाकू. पिकअपच्या पत्र्याच्या बंपरला तो लावला तर बंपर वर येईल, गाडी खालीच राहील. आणि दांडा उसळून जबड्यावर बसतो तो वेगळा.

ओतूरकर, तुमचा जॅक बरा आहे, आधी तपासा. तेल पाझरतंय का बघा. रिकामी गाडी थोडी उचला, अर्धा तास तशीच ठेवा, खाली बसली तर आतलं सील गेलं. ते बदलून मिळतं, नव्या जॅकइतका खर्च नाही. ३ टन हा आकडा पूर्ण गाडीचा धरू नका, तुम्ही एकच चाक उचलता. पण मागे गच्च माल असताना त्या चाकावर बराच भार असतो, म्हणून जमेल तेवढे क्रेट आधी उतरवा.

जागा: मागची दोन चाकं जोडणाऱ्या हाऊसिंगच्या नळीखाली, पाटा आवळणाऱ्या यू बोल्टजवळ, पण बोल्टच्या टोकावर नाही. ब्रेकचा पाइप कुठून गेलाय ते हात घालून बघा. डिफरन्शियलच्या मधल्या गोळ्याखाली एका चाकासाठी लावू नका, गाडी डुलते. चेसिसला लावला तर आधी पाटे सैल होईपर्यंत पंप मारत बसायचं आणि जॅकची उंची तिथेच संपते.

डोंबिवली_फास्ट
कशाला एवढं? रोडसाइड असिस्टन्स घ्या. माझ्या कारला आहे, एक फोन की माणूस हजर.

बंडू_पाना
माळशेजमध्ये फोनला रेंज कुठे असते रात्री?

ह्यूस्टनचा_सातारकर
इकडे फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये जॅक केबिनमध्येच ठेवलेला असतो आणि स्टेपनी हौद्याखाली टांगलेली. मागून भोकातून सळई घालून फिरवली की केबलवर खाली येते. काय सोय केलीय! पण कंपनीच्या जॅकवर माझा भरवसा नाही, मी हायड्रॉलिक घेतला.

नाना_गॅरेज
यांच्याकडे कंपनीचाच हायड्रॉलिक आहे.

शिवनेरी_०७
गाडी पहिल्या गिअरला टाकली की झालं. मी हँडब्रेक लावतच नाही, पावसात चिकटतो.

पॉलिटेक्निक_मास्तर
शिवनेरी, हे धोक्याचं आहे, पुढच्याला शिकवू नका. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) ते हवेतलं चाक मोकळं फिरतं. गिअरची अडवणूक त्याच्यावर संपते आणि जमिनीवरचं दुसरं चाक गाडी घेऊन निघतं. हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक ड्रमवर असेल तर जमिनीवरचं चाक तरी धरून ठेवतो. काही जुन्या गाड्यांत तो प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या दांड्यावर) असतो, तिथे त्याचीही तीच गत. म्हणून गिअर, हँडब्रेक आणि शिवाय पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड.

शिवनेरी_०७
इतकी वर्षं माझी कधी नाही सरकली.

पॉलिटेक्निक_मास्तर
सपाटीवर असाल.

शिवनेरी_०७
घाटातच असतो मी.

नाना_गॅरेज
घाटात उतारावर चाक खोलूच नका. रिम खराब झाली तर होऊ द्या, हळूहळू सपाट जागेपर्यंत गाडी न्या.

कांदा_एक्सप्रेस
नाना म्हणतात तसंच, हाऊसिंगखालीच लावा. आणि दगड लावा. आमच्या गाडीला एका पंक्चरवाल्याने मुरमावर नुसता जॅक टेकवला, पाऊस पडून गेला होता. चाक काढलं आणि जॅक तिरका होत होत निसटला. ड्रम थेट जमिनीवर, मागची प्लेट वाकली. पोराचा हात नुकताच बाहेर आला होता. वर त्याने पंक्चरचे पैसेही घेतले.

बंडू_पाना
जॅकखाली जाड फळी पाहिजेच. सागाची नको, वखारीतला बाभळीचा तुकडा मागा, हातभर चौरस.

माऊली_ट्रान्सपोर्ट
ट्रॉली जॅक असता तर हे झालं नसतं.

कांदा_एक्सप्रेस
मुरमावर ट्रॉली जॅक? बरं.

नाना_गॅरेज
अजून एक, हे कुणी बोललं नाही. टायर पूर्ण बसलं की हाऊसिंग खाली येतं आणि बाटली जॅक आत शिरतच नाही. तेव्हा दुसरी फळी बसलेल्या चाकासमोर ठेवून गाडी त्यावर चढवा, मग जागा होते. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. हवेत असताना पान्यावर उभं राहून झटके दिले तर जॅक निसटणार. चाक काढलं की स्टेपनी आडवी करून चेसिसखाली सरकवा, जॅक गेलाच तर गाडी तिच्यावर बसेल. स्टेपनी चढवायच्या वेळी काढलेलं चाक तिथे टाका. नट समोरासमोरचे आवळत जा, शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर, आणि ५०-१०० किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना मारा. अंग गाडीखाली घालायचं नाही, काही पडलं तर काठीने ओढा.

२००० मध्ये: दोन फळ्या, पाना लांब करायला लोखंडी पाइप, चार लाकडी पाचरी, डोक्याला लावायची बॅटरी. पैसे उरतील.

डोंबिवली_फास्ट
टायर ट्यूबलेस करून घेतले तर हा प्रश्नच येत नाही.

ह्यूस्टनचा_सातारकर
+१, इकडे सगळं ट्यूबलेसच.

शिवनेरी_०७
ट्यूबलेसला कट गेला की काय करणार, लाळ लावणार?

*(ट्यूबलेस की ट्यूब यावरचे पुढचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)*

ओतूरकर_शेती
सगळ्यांचे आभार, नानांचे विशेष. जॅक तपासला, थोडा पाझरतोय. सील बदलायला टाकणार होतो, पण मेव्हण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याने ५ टनी बाटली जॅक आणून दिला, १७०० ला. भावाला तोच आवडला, मजबूत दिसतो म्हणे. आता तोच गाडीत.

नाना_गॅरेज
बंद असताना त्याची उंची मोजली का? ५ टनी बहुतेक जास्त उंच येतो.

ओतूरकर_शेती
नाही मोजली. टायर भरलेलं असताना आरामात जातो.

नाना_गॅरेज
टायर भरलेलं असताना जॅक कोण लावतो हो? एका चाकाची हवा सोडून बघा घरीच. नाही शिरला तर जुन्याचं सील बदला आणि दोन्ही गाडीत ठेवा. फळ्या आणल्या का?

ओतूरकर_शेती
फळ्या उद्या. दगड रस्त्यावर मिळतातच.

नाना_गॅरेज
रात्री पावसात शोधायला लावा भावाला.

छोटाहत्ती_बारामती
धागा वाचला नाही पूर्ण. माझ्या छोट्या हत्तीला कारचा कात्री जॅक चालेल का? बजेट ५००.